आवाज आऊटचा, हात सेफचे

बाई, नमस्कार.

माझं वय २४. शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, बॅटरमागे बसून पिचरचे बॉल झेलणारी कॅचर होते. बी.पी.एड. झालं, सध्या एका शाळेत तासिका तत्त्वावर आहे. यंदा आमच्या जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालील मुलींच्या सामन्यांना पहिल्यांदाच अंपायर म्हणून उभी राहिले. फायनलला मला बेसवर ठेवलं. बॅटिंग करणाऱ्या टीमचे कोच म्हणजे माझे शाळेतले सर. सामन्याआधी नेहमीसारखी त्यांच्या पाया पडले.

शेवटची इनिंग, दोन आऊट, रनर थर्डवर, सरांची टीम एका रननं मागे. बॅटरनं शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड-थर्डच्या मधल्या फिल्डरकडे, जमिनीवरून बॉल मारला, थ्रो फर्स्टला आला. बॉल ग्लव्हमध्ये जाताना मी नीट पाहिला. तोंडून ‘आऊट’ निघालं आणि हात गेले सेफचे! कसे गेले मलाच कळलं नाही. सर धावत आत आले, ‘हात बघ तुझे, सेफ दिलंयस!’ मी म्हटलं, सेफ. तोवर ती मुलगी ‘आऊट’ ऐकून डगआउटकडे निघाली होती. समोरचे कोच ओरडले, ‘टॅग कर तिला!’ फर्स्ट बेसच्या मुलीनं पळत जाऊन हातातला बॉल तिला लावला, टॅग केलं. मी पुन्हा आऊट दिलं. सामना संपला. ती मुलगी मैदानातच बसून रडायला लागली. कुणीतरी व्हिडिओ काढलाय, तो ग्रुपवर फिरतोय. सर बोलत नाहीत. प्लेटवरचे, म्हणजे बॅटरमागे उभे असलेले सीनियर अंपायर शेवटपर्यंत गप्प होते. अंपायरिंग सोडून देऊ का? सिग्नल शिकवणारा एखादा क्लास असतो का?

— एक अंपायर (की नाही?)

अगं पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना हसू आलं. रागावू नकोस, ते तुला हसले नाही. माझंच एक जुनं ध्यान डोळ्यांसमोर आलं. तालुक्याच्या स्पर्धेत मी सेकंड बेसवर एक आऊट दिला होता. काय आऊट होता! मूठ अशी वर गेली की शेजारी खो-खो खेळणाऱ्या पोरी थांबून बघायला लागल्या. आणि माझी मूठ हवेत असतानाच फिल्डरच्या ग्लव्हमधून बॉल निसटला आणि हळूहळू गडगडत माझ्या बुटाशी येऊन थांबला. मूठ खाली कशी आणायची, हे मला त्या दिवशी कुणीच सांगितलं नव्हतं.

आता दुसऱ्या वाचनाचं. तू लिहिलंयस, ‘बॉल ग्लव्हमध्ये जाताना मी नीट पाहिला.’ हे तू स्वतःच्या बाजूनं म्हणून लिहिलंयस आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. फर्स्ट बेसच्या फोर्स प्लेला, म्हणजे टॅग न करता नुसता बेसवर बॉल आणून आऊट करायचं असतं तिथे, बॉल बघायचा नसतो, ऐकायचा असतो. थ्रो हातातून सुटला, सरळ येतोय एवढं कळलं, की डोळे बेसवर आणायचे. तिथे दोन पाय येणार असतात, एक फिल्डरचा आणि एक रनरचा. ते बघायचे आणि कान ग्लव्हकडे ठेवायचे. ‘धप्प’ आधी तर आऊट, रनरचा पाय आधी तर सेफ, एवढाच प्रश्न. तू कॅचर होतीस. कॅचरचे डोळे बॉलला चिकटलेले असतात, तसेच असावे लागतात. त्या दिवशीही ते चिकटून राहिले आणि रनरचा पाय तुला दिसलाच नाही. मग जिभेनं एक अंदाज केला, हातांनी दुसरा. तुला तो सिग्नलचा दोष वाटतोय. हातांना बिचाऱ्यांना सांगायला काही नव्हतं, म्हणून ते भलतंच बोलले.

हे शिकायला क्लास लागत नाही. तुझ्या शाळेतल्या दोन मुली घे, एक शॉर्टस्टॉपला, एक फर्स्टवर. तिसरीला पळव. तू बेसपासून पंधरा-अठरा फुटांवर, थ्रोच्या रेषेला काटकोनात उभी राहा. याहून जवळ गेलीस तर पाय आणि ग्लव्ह एका नजरेत मावत नाहीत. पहिले दहा-बारा थ्रो तर डोळे मिटून ऐक, कोरडा बॉल, ओला बॉल, ग्लव्हच्या जाळीत अडकलेला बॉल, सगळ्यांचे आवाज वेगळे असतात. जाळीत गेलेल्याचा आवाज जवळजवळ येतच नाही, तिथे फसायला होतं. मग डोळे उघडून बेस बघ. आणि प्रत्येक वेळी, धप्प झाल्यावर, मनात ‘एक’ म्हण. त्या एकात बॉल ग्लव्हमध्ये टिकलाय का ते बघायचं, आणि मगच हात उचलायचा. त्या दिवशी मी हा ‘एक’ म्हटला असता तर बॉल बुटाशी आला तेव्हा माझी मूठ हवेत नसती.

घाईचा आऊट सगळ्यांना दिसतो. उशिराचा आऊट कुणाला दिसत नाही, फार तर ‘अंपायर विचार करते’ म्हणतात. म्हणू देत.

त्या प्लेचं पुढे काय करायला हवं होतं, हे आता नीट सांगते, कारण इथे नजरेचा नाही, नियमाचा प्रश्न आहे. आवाज आणि हात उलटसुलट गेले, तुझ्या लक्षात आलं, तर त्याच क्षणी दोन्ही हात डोक्यावर, तळवे पुढे, आणि मोठ्यानं ‘टाइम’. प्ले थांबला. आता कुणी कुणाला टॅग करो, त्याला अर्थ नाही. मग स्वतःला विचारायचं, मी पाहिलं काय? पाहिलं असेल तर तेच पुन्हा, एकदाच, आवाज आणि हात एकत्र. पाहिलं नसेल तर सरळ प्लेटवरच्या जोडीदाराकडे चालत जायचं, दोन्ही कोचना लांब थांबायला सांगायचं आणि हळू विचारायचं, ‘पाय बॉलच्या आधी होता का?’ त्यांनी पाहिलं असेल तर सांगतील. थर्डचा रनर होमला येत होता, त्यामुळे त्यांची नजर तिकडे असण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर तुझा अंदाज हाच निर्णय. तो चुकेलही. पण तो तुझा असेल, सरांचा नाही.

प्लेटवरचे अंपायर गप्प राहिले म्हणून तू नाराज आहेस. मला वाटतं त्यांचं अर्धं बरोबर होतं. नजरेच्या निर्णयात एका अंपायरनं दुसऱ्याचा निर्णय आपणहून बदलायचा नसतो, विचारल्याशिवाय बोलायचंही नसतं. तू विचारलं नाहीस. मात्र एक कोच आत आले, दुसरे ओरडायला लागले, पोरी गोंधळल्या, तेव्हा त्यांनी ‘टाइम’ म्हणून पुढे यायला हवं होतं. ते सीनियर होते, तू पहिल्यांदा उभी होतीस. तिथे गप्प बसणं मला पटत नाही.

आता त्या मुलीचं. तुझी पहिली गडबड मी माफ करते, दुसरीही करते. तिसरा निर्णय मात्र चुकलाच. तू निर्णय बदलून सेफ दिलास ना? मग ती मुलगी बेस सोडून का गेली होती? तुझं ‘आऊट’ ऐकून. अंपायरनं निर्णय फिरवल्यामुळे रनर अडचणीत आला तर ते निस्तरायचा अधिकार नियमानं अंपायरलाच दिलाय. तिला फर्स्टवर परत आणायचं, थर्डच्या मुलीचा रन धरायचा आणि बरोबरीवर सामना पुढे चालवायचा. तू ज्याला टॅग समजलीस तो तुझ्या शब्दावर विश्वास ठेवल्याचा दंड झाला, आणि तो भरला एका बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं. गंमत अशी की नजरेच्या निर्णयावर प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत तक्रार, चालत नाही, नियम चुकीचा लावला तर चालतो. तुझे सर ज्यावर भांडले त्यावर भांडता येत नव्हतं, आणि जिथे भांडता येत होतं तिथे ते भांडले नाहीत.

सरांच्या पाया पडण्याबद्दल. तू ते वाक्य सहज लिहिलंयस. मी तिथे पेन्सिलनं खूण केली. पाया पडण्यात वाईट काय, मीही माझ्या सरांच्या पडते, रस्त्यात भेटले तरी पडते. पण त्या वेळी दुसऱ्या टीमच्या पोरी वॉर्मअप करत होत्या, त्यांचे कोच उभे होते, पालक मंडपात होते. त्यांनी काय पाहिलं? अंपायरचं डोकं एका कोचच्या पायाशी. त्यानंतर तू शंभर टक्के बरोबर सेफ दिला असतास तरी त्यांनी तेच आठवलं असतं. अंपायरचे सिग्नल ‘प्ले बॉल’पासून सुरू होत नाहीत, ती फाटकातून आत आली की सुरू होतात. पाया पड, सामना झाल्यावर पड, घरी जाऊन पड. मैदानात दोन्ही कोचना सारखा नमस्कार, आणि हाक ‘कोच’. चहासुद्धा कुठल्या टीमच्या मंडपात प्यायचा नाही, स्कोअररच्या टेबलाशी प्यायचा. ओळखीच्या मुलीला टोपणनावानं हाक मारायची नाही. आणि ‘अगं, कोपर वर घे’ असलं तर मुळीच नाही. आपण सगळ्याजणी क्रीडाशिक्षिका, त्यामुळे हे तोंडातून फार पटकन निघतं. मला ते थांबवायला दोन हंगाम लागले.

सर सध्या बोलत नाहीत, ते बोलतील. त्यांना फोनवर समजावायला जाऊ नकोस. एक मात्र कर, टॅगचा निर्णय नियमानं चुकला होता, हे त्यांना स्वतः जाऊन सांग. पहिल्या आऊट-सेफबद्दल काही बोलू नकोस, ते मैदानातच संपलं.

मोठी माणसं एवढी का पेटतात, हेही ध्यानात ठेव. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, या शिडीवर पुढे दहावी-बारावीचे क्रीडा गुण आहेत, त्याहून पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण. त्या फर्स्ट बेसवर पालकांना तेरा वर्षांची मुलगी दिसत नाही, मार्कलिस्ट दिसते. त्यामुळे ‘खेळ आहे, खेळासारखा घ्या’ असं भाषण त्यांना देऊ नकोस, काही उपयोग होत नाही. तू फक्त कोचशी बोलायचं, तेही प्रश्न नियमाचा असेल तर. ‘कोच, नजरेचा निर्णय आहे. तुम्ही जागेवर जा.’ हे एकदा शांतपणे, दुसऱ्यांदा तितक्याच शांतपणे. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली तर पुढची कारवाई प्लेट अंपायरबरोबर ठरवायची, ओरडायचं तरीही नाही. मोबाईल घेऊन कुणी आलं तर स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही, एकदा बघितलंस की दर इनिंगला तिसरा अंपायर तयार. ग्रुपवर फिरणाऱ्या व्हिडिओला उत्तर देऊ नकोस.

सिग्नलबद्दल तू विचारलंयस. बहुतेक तुला येतात, खेळाडू म्हणून शंभरदा पाहिलेत. त्यातले जे लहान पोरींच्या सामन्यात खरोखर उपयोगाचे आहेत तेवढेच सांगते.

अमेरिकेत विल्यम हॉय नावाचा बेसबॉल खेळाडू होता, १८८८ ते १९०२ मोठ्या लीगमध्ये खेळला, त्याला ऐकू येत नसे. अंपायरचे हात त्याच्यामुळे हलायला लागले, अशी गोष्ट सांगतात. अभ्यासक म्हणतात, तेवढं सरळ ते नव्हतं. असो. पण आपल्या जिल्हा क्रीडा संकुलावर शेजारी कबड्डीची शिट्टी, लाऊडस्पीकरवर ‘चेस्ट नंबर अमुक ताबडतोब हजर राहावे’, आणि सेंटर फिल्डला उभी असलेली सहावीतली पोर. तिला तुझा आवाज पोचत नाही. हात तिच्यासाठी आहेत. कोचसाठी नाहीत, फोटोसाठी तर नाहीतच. म्हणून हात मोठा, सरळ, आणि क्षणभर तिथेच धरून ठेवलेला.

सेफला दोन्ही हात छातीपासून बाजूला, तळवे जमिनीकडे. आऊटला उजवी मूठ वर. स्ट्राइकला उजवा हात, ‘बॉल’ला, म्हणजे बॅटरनं सोडलेल्या वाईट पिचला, हात नाहीच, नुसता आवाज. फाऊलला, म्हणजे मारलेला बॉल रेषेबाहेर गेला तर, दोन्ही हात वर आणि आवाज. आणि फेअरला? फेअरला आवाज काढायचा नाही. फक्त मैदानाच्या आत बोट दाखवायचं. नव्या अंपायरना हे सांगितलं की त्या विचारतात, का? मोठ्यानं ओरडून बघ एकदा, ‘फेअर!’, ‘फाऊल!’ वाऱ्यावर दोन्हींचं फक्त ‘फ’ पोचतं. रनर थांबते, फिल्डर थांबते, बॉल मात्र जिवंत असतो. फक्कीची रेघ पावसानं पुसट झाली असेल तर ती दोन इनिंगच्या मध्ये पुन्हा मारून घे, लाजू नकोस. शालेय स्पर्धा पावसाळ्यातच येतात, काळ्या मातीवर रेघ टिकत नाही.

डावी मूठ बाजूला, आडवी. हा सिग्नल आपल्याकडे सगळ्यात कमी दिसतो आणि लहान मुलींच्या सामन्यात सगळ्यात जास्त लागतो. डिलेड डेड बॉल. म्हणजे काहीतरी चुकलंय, मी पाहिलंय, पण प्ले चालू दे. बॉल हातात नसताना बेस अडवून उभी राहणारी मुलगी प्रत्येक सामन्यात असते. ती लबाड नसते, तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तिथे डावी मूठ गेली पाहिजे. मूठ गेलेली नसली आणि प्ले संपल्यावर तू ऑब्स्ट्रक्शन दिलंस, की ‘आत्ता आठवलं का मॅडमना’ हे ऐकावंच लागतं, आणि ते बोलणारं चुकीचं नसतं.

इनफिल्ड फ्लायला तर हात वर करून घशाच्या शिरा ताणून ओरड, ‘इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट’. बॉल रेषेजवळ असेल तर ‘फेअर असेल तर’ असं जोड. फर्स्ट-सेकंडला रनर, नाहीतर तिन्ही बेस भरलेले, दोनपेक्षा कमी आऊट, आणि सहज झेलता येईल असा उंच फेअर फ्लाय. बंट, म्हणजे बॅट हलकेच टेकवून मारलेला बॉल, आणि सपाट लाइन ड्राइव्ह यात येत नाहीत. नियमाचा हेतूच मुद्दाम झेल सोडून दोघींना आऊट करायच्या फसवणुकीपासून रनरना वाचवायचा आहे, पण तू तो मनातल्या मनात दिलास तर फिल्डर मुद्दाम बॉल पाडेल, रनर बावचळून पळतील, आणि तुझ्याच मदतीनं फसवणूक होईल.

काऊंट, म्हणजे किती बॉल आणि किती स्ट्राइक झाल्या ते. डाव्या हातावर बॉल, उजव्या हातावर स्ट्राइक. दर दोन-तीन पिचनंतर दाखव. स्कोअरर गुणपत्रकात काय लिहिते यापेक्षा बॅटरला काय माहीत आहे ते महत्त्वाचं. तीन स्ट्राइक झाल्या हे कळून न घेता खेळत राहिलेली मुलगी मी पाहिली आहे, चौथा पिच मारायला उभी होती.

तिसऱ्या स्ट्राइकला तेवढं नाटक करू नकोस. टीव्हीवर बघतेस ना, अंपायर गुडघा वाकवून, दोरी ओढल्यासारखं, काय काय करतात. ती व्यावसायिक माणसं, पगार घेणारी. आपल्यासमोर उभी असते ती शेजारच्या टीमकडून मागून आणलेलं, दोन साइज मोठं हेल्मेट घातलेली पोर. तिला आऊट झाल्याचं दुःख पुरेसं असतं. हात वर, ‘स्ट्राइक थ्री’, संपलं. आणि हेल्मेटचा बेल्ट बांधलाय का ते मात्र प्रत्येकीचं बघायचं. तिथे दयामाया नाही.

घरी सराव करायचा असेल तर कपाटाच्या आरशासमोर उभी राहा. मी गोदरेजच्या कपाटासमोर करत असे. एकदा आमच्या सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांना वाटलं मी माशी मारतेय. आवाज आणि हात एकत्र निघेपर्यंत कर, रोज पाच मिनिटं. पण आधी ते थ्रो ऐक, तो खरा अभ्यास. आणि राज्य संघटना, जिल्हा संघटना पंचांची शिबिरं आणि परीक्षा घेतात. तुमच्या जिल्ह्याच्या सचिवांना विचार, पुढची कधी आहे. परीक्षा दिलीस की हातात नियमपुस्तिका येईल. ती पिशवीत ठेव, मैदानात उघडू नकोस.

सोडू का, असं तू विचारलंयस. नको सोडूस. जिल्ह्याच्या स्पर्धांना मुलींच्या सामन्यात बाई अंपायर किती असतात ते तू मोजलंच असशील.

त्या मुलीला भेटायचं असेल तर तिच्या शाळेत, तिच्या कोचसमोर भेट. एकटीला गाठू नकोस. सांग, ‘तू माझा आवाज ऐकून गेलीस, ते बरोबर केलंस. चूक माझी.’ त्याहून जास्त काही बोलू नकोस, तिला बिस्किटपुडा-बिडा नेऊ नकोस. पुढच्या वर्षी तिचाच सामना तुझ्या वाट्याला येईल तेव्हा अवघड होईल.

आणि प्लेटवर उभं राहायची वेळ आली की ब्रश दोन घेऊन जा. प्लेट पुसायला वाकताना पाठ पिचरकडे करायची, प्रेक्षकांकडे नाही. दोन अशासाठी की एक स्कोअररच्या टेबलावरून हमखास नाहीसा होतो.

तुझी,
बाई